मुद्दलास हात लावावा काय?



गेल्या पावसाळ्यात बेळगावजवळच्या एका खेड्यात आम्ही एका परिचित कुटुंबाच्या भेटीस गेलो होतो. घरच्या बाई सत्तरी ओलांडलेल्या. यजमान जाऊन सहा वर्षे झालेली. माजघरात दोन ठिकाणी कौलांतून पाणी ठिबकत होते आणि खाली परात व बादली मांडून ठेवली होती. बाईंना ऐकू फार कमी येते, म्हणून आम्हांस प्रत्येक वाक्य मोठ्याने दोनदा सांगावे लागत होते. कानाचे यंत्र का घेत नाही, असे विचारता त्या म्हणाल्या, "पैसे साठले म्हणजे बघू."

थोड्या वेळाने नातवाने एक कागद आणून दाखविला, तेव्हा आम्ही चकित झालो. यजमानांनी कारखान्यातील तीस वर्षांच्या नोकरीत दर दिवाळीच्या बोनसमधून थोडे थोडे शेअर घेऊन ठेवले होते. त्या शेअरांची बाजारभावाने किंमत सुमारे अठरा लाख रुपये होती. त्यावर वर्षाकाठी लाभांश येत होता तो मात्र सत्तावीस हजार, म्हणजे शेकडा दीड. तो लाभांश आणि तुटपुंजे पेन्शन यांवर बाई दिवस काढीत होत्या. "थोडे शेअर विकून घर शाकारून का घेत नाही?" या आमच्या प्रश्नावर त्यांनी हात जोडले. "जाताना ते सांगून गेलेत. फळं खा, झाडाला कुऱ्हाड लावू नको. मुद्दलाला हात लावायचा नाही."

मृत पतीच्या शब्दाविषयीची ही निष्ठा पाहून आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही. परंतु परतताना आमच्या मनास एक प्रश्न बोचत राहिला. ज्या माणसाने बायकोच्या म्हातारपणासाठी पै पै साठविली, त्याला तिने गळक्या घरात बहिरेपण सोसावे असे वाटले असते काय? 'फळ' कोणते आणि 'झाड' कोणते, हे आपण नीट ओळखले आहे काय? आमच्या पुष्कळ घरांतून हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे, म्हणून या खेपेस त्याचाच विचार करू.

प्रथम हे कबूल केले पाहिजे की, मुद्दलास हात न लावण्याची शिकवण काही वेडगळ नव्हे. ती आम्ही जमिनीपासून शिकलो. निपाणीकडे तंबाखू पिकविणारा असो की खानापुराकडे भात लावणारा असो, शेत विकून खाणाऱ्यास गाव आजही बरे म्हणत नाही. शेताची फांदी छाटून विकता येत नाही. एकदा गेले की गेले. दुसरी शाळा म्हणजे गावची सहकारी सोसायटी. तेथे शंभर रुपयांचा शेअर वीस वर्षांनी सोडला तरी हाती सामान्यतः शंभरच येतात. संस्थेची भरभराट झाली तरी शेअरची किंमत वाढत नाही. सभासदाला पैशाच्या रूपाने जे मिळावयाचे ते लाभांशातूनच. तेव्हा 'लाभांश हेच फळ' हा हिशेब सोसायटीपुरता अगदी बरोबर आहे.

कंपनीच्या शेअरची रीत निराळी आहे. कंपनीला नफा झाला की तिच्यापुढे दोन वाटा असतात. काही भाग ती भागधारकांस लाभांश म्हणून वाटते आणि उरलेला धंद्यातच ठेवते. त्यातून नवी यंत्रे येतात, कर्ज फिटते, नवा माल निघतो. आपल्याच भागातील उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनविले. १९१० साली ते औंध संस्थानातील माळावर गेले आणि तेथे किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली त्या उद्योगाची मर्यादित कंपनी झाली. नांगराचा सगळाच नफा वाटून खाल्ला असता तर पंपाचे साचे कोठून आले असते? जो नफा वाटला नाही तो नाहीसा झालेला नसतो. धंदा शहाणपणाने चालविला असेल, तर तो शेअरच्या किमतीत जाऊन बसतो. म्हणजे कंपनीचे फळ दोन ठिकाणी धरते, एक लाभांशात आणि दुसरे वाढलेल्या किमतीत.

आमच्या माळावरून मेंढरे घेऊन जाणारा धनगर हे चांगले जाणतो. त्याला कळपापासून लोकर मिळते आणि कोकरेही मिळतात. लोकर विकावी पण एकही कोकरू विकू नये, असा नेम त्याने केला तर कळप मोठा होत जाईल आणि घरात मात्र उपासमार होईल. वर्षात जितकी कोकरे टिकली त्याहून कमी विकली, तर कळप घटत नाही. लोकर म्हणजे लाभांश, कोकरे म्हणजे किमतीतील वाढ. आमच्या त्या बाई सहा वर्षे केवळ लोकरीवर जगत होत्या.

आता थोडे गणित करू. समजा, आपल्याजवळ एका कंपनीचे १,००० शेअर आहेत आणि भाव ५०० रुपये आहे. एकंदर किंमत पाच लाख. कंपनीने शेअरमागे २० रुपये लाभांश दिला. आपल्या हाती २०,००० रुपये आले. परंतु तितकी रक्कम कंपनीच्या तिजोरीतून गेलेली असते. म्हणून ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्यास तो लाभांश मिळत नाही, त्या दिवशी भाव साधारणपणे तेवढ्याच रकमेने उतरतो, म्हणजे ४८० च्या आसपास येतो. बाजारातील इतर चढउतारांमुळे हे सहसा डोळ्यांस दिसत नाही इतकेच. आपल्याजवळ राहिले १,००० शेअर, किंमत चार लाख ऐंशी हजार. आता दुसरी कंपनी लाभांश देतच नाही असे समजा. तिचे १,००० शेअर ५०० च्या भावाचे. त्यांतील ४० विकले, हाती २०,००० आले, उरले ९६० शेअर आणि किंमत तीच, चार लाख ऐंशी हजार. दोन्ही घरी चूल सारखीच पेटली आणि दोन्ही घरी शिल्लकही सारखीच राहिली. एकाने मुद्दल राखले आणि दुसऱ्याने मोडले, असे म्हणण्यास आधार कोठे आहे?

ही गोष्ट मर्टन मिलर व फ्रँको मोदिग्लियानी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ सालीच मांडून दाखविली होती. कर, दलाली वगैरे बाजूला ठेवल्यास नफा वाटला की राखला, यावरून भागधारकाची श्रीमंती ठरत नाही. ती मूळ धंदा किती कमावतो यावरून ठरते. अमेरिकेतील वॉरेन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीने त्यांच्या कारकिर्दीत १९६७ साली एकदाच लाभांश दिला. २०१२ सालच्या वार्षिक पत्रात त्यांनी भागधारकांस हिशेब करून दाखविला की, ज्यास खर्चास पैसा हवा त्याने दर वर्षी थोडे शेअर विकावे. उरलेले आपोआप वाढत राहतील. आपल्याकडेही सेबीने १ एप्रिल २०२१ पासून म्युच्युअल फंडांच्या 'लाभांश' योजनांचे नाव बदलावयास लावले आणि त्या नावात उत्पन्नाच्या वाटपाबरोबर भांडवल काढून देण्याचाही उल्लेख आणला. फंडातून येणारा तो 'लाभांश' पुष्कळदा आपलेच मुद्दल आपणास परत येत असते, हे लोकांस कळावे हाच त्यातील हेतू.

या सर्वांचा सजीव दाखला पाहावयाचा तर खानदेशातील अमळनेर गावाकडे पाहावे. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाची कंपनी स्थापिली व अमळनेरास वनस्पती तुपाचा कारखाना काढला. गावच्या पुष्कळ कुटुंबांनी तिचे शेअर घेतले. १९६६ साली ते वारले आणि एकवीस वर्षांचा मुलगा अझीम शिक्षण अर्धवट सोडून अमेरिकेहून परतला. तूप व साबण करणारी ती कंपनी पुढे संगणकाच्या धंद्यात शिरली आणि विप्रो या नावाने जगास ठाऊक झाली. तिने वेळोवेळी बोनस शेअर दिले. १९९७ साली एकास दोन बोनस मिळण्यापूर्वी ज्याच्याजवळ १०० शेअर होते आणि ज्याने एकही विकला नाही, त्याचे ३०० झाले. १९९९ साली दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच तुकडे झाले, तेव्हा १,५००. २००४ मध्ये ४,५००, २००५ मध्ये ९,०००, २०१० मध्ये १५,०००, २०१७ मध्ये ३०,०००, २०१९ मध्ये ४०,००० आणि २०२४ मध्ये ८०,०००.

आता लाभांशाकडे पाहा. २०२२-२३ या वर्षाकरिता विप्रोने शेअरमागे फक्त एक रुपया दिला. त्या सुमारास भाव चारशेच्या आसपास होता. चाळीस हजार शेअर बाळगणारे घर बाजारभावाने सुमारे एक कोटी साठ लाखांचे धनी, पण वर्षाचा लाभांश चाळीस हजार! म्हणजे महिन्यास साडेतीन हजारसुद्धा नाहीत. कंपनीने पैसा दाबून ठेवला असेही नव्हे. त्याच २०२३ साली तिने ४४५ रुपये भावाने १२,००० कोटी रुपयांचे आपलेच शेअर परत विकत घेतले. ज्याने शेअर दिले त्यास पैसा मिळाला; ज्याने 'मुद्दलास हात लावणार नाही' म्हटले त्याच्या हाती एक रुपयाच आला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने आपले धोरण बदलले आणि शेअरमागे सहा रुपये अंतरिम लाभांश जाहीर केला. यावरून ध्यानात यावे की लाभांश किती द्यावयाचा हे कंपनीचे संचालक ठरवितात. आपल्या घरची कौले केव्हा फुटली याची त्यांस खबर नसते. अमळनेरची शहाणी कुटुंबे, जसे त्यांच्याविषयी वारंवार लिहिले गेले आहे, लग्नकार्यास, आजारपणास किंवा घर बांधण्यास थोडे शेअर विकीत आली आणि बाकीचे राखीत आली. त्यांत त्यांनी बापजाद्यांचा अपमान केला असे कोणी म्हणणार नाही.

"पण दर वर्षी चाळीस विकले तर पंचवीस वर्षांत हजार संपणार नाहीत काय?" असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. शेअरचा भाव महागाईइतकाच वाढला तर खरोखरच पंचवीस वर्षांत संपतील. परंतु भाव वर्षास शेकडा दहा व घरखर्च शेकडा पाच वाढला असे धरा. दुसऱ्या वर्षी खर्चास २१,००० हवेत आणि भाव ५५० आहे, म्हणून सुमारे ३८ शेअर पुरतात. तिसऱ्या वर्षी ३६. आकडा दर वर्षी घटत जातो. हे असेच चालले तर कितीही वर्षे विकले तरी एकंदर विक्री ८८० शेअरांच्या पुढे जात नाही. म्हणून मोजावयाचे ते शेअरांच्या संख्येवरून नव्हे, तर दर वर्षी एकंदर किमतीचा कितवा भाग आपण खातो यावरून. अमेरिकेत विल्यम बेंगन यांनी १९९४ साली तेथील जुन्या आकड्यांवरून दाखविले की, भांडवल शेअर व रोखे यांत विभागून ठेवले, पहिल्या वर्षी शेकडा चार काढले आणि पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढविली, तरी ते तीस वर्षे पुरले. तो आकडा तिकडचा आहे. आपल्याकडील महागाई पाहता तीन ते साडेतीनवर थांबणे बरे, असे आमचे मत आहे. लाभांश धरूनच ही मर्यादा समजावी, लाभांश वेगळा व विक्री वेगळी असे नव्हे.

परंतु यजमानांच्या त्या शब्दांत काही खरे नव्हतेच, असे आम्ही म्हणणार नाही. लाभांश आपोआप बँकेत येतो. विक्री आपल्या हाताने करावी लागते, आणि सवय लागलेला हात आवरणे कठीण असते. आज कौलांसाठी, उद्या भाच्याच्या मोटारसायकलीसाठी, परवा कोणाच्या तरी धंद्यासाठी! शेअर विकणे सोपे आहे हे एकदा घरात कळले की मागणारे पुष्कळ निघतात. 'मुद्दलास हात लावू नको' ही अशा वेळी म्हातारीच्या दाराची कडी असते.

दुसरी भीती मंदीची. जानेवारी २००८ मध्ये मुंबईचा सेन्सेक्स २१,००० पर्यंत चढला होता. ऑक्टोबरात तो ९,००० च्या खाली आला आणि जुन्या जागी यावयास २०१० च्या अखेरीपर्यंत वाट पाहावी लागली. २०२० साली जानेवारीत ४२,००० असलेला आकडा २३ मार्चला २६,००० च्या खाली गेला. भाव निम्मा झाला की त्याच खर्चास चाळीसऐवजी ऐंशी शेअर विकावे लागतात, आणि विकलेले शेअर पुढील तेजीत परत येत नाहीत. परंतु लाभांशवाल्यांनीही फार निश्चिंत राहू नये. त्याच २०२० च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांस त्या वर्षाचा लाभांश देण्यास मनाई केली. केवळ बँकांच्या लाभांशावर ज्यांची चूल होती, त्यांस अगदी गरजेच्या वर्षी काहीच मिळाले नाही. आणि अमळनेरचे भाग्य सर्वांच्या वाट्यास येत नाही, हेही विसरू नये. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या कित्येक गिरण्या बंद पडल्या. त्यांचे शेअर ज्यांनी सोन्यासारखे जपले, त्यांच्या पेटीत शेवटी कागदच राहिले. झाड जपावे खरे, परंतु ते जिवंत आहे की नाही हेही पाहावे.

तेव्हा मध्यम मार्ग असा. तीन वर्षांचा घरखर्च शेअर बाजाराबाहेर, बँकेत किंवा पोस्टात ठेवावा. साठीपुढील माणसांकरिता पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजना चांगली आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिची मर्यादा तीस लाख झाली व व्याज शेकडा ८.२ ठरले, पैसे ठेवताना चालू दर विचारून घ्यावा. बाजार बरा असेल त्या वर्षी ठरलेल्या एकाच महिन्यात, ठरलेल्या मर्यादेत शेअर विकून ही गंगाजळी भरावी. बाजार पडला असेल त्या वर्षी विकू नये, गंगाजळीतून खावे. ज्या एका कंपनीचा भार फार झाला असेल तिचेच शेअर प्रथम विकावे. लाभांश भरमसाट दिसतो म्हणून कोणतीही कंपनी घेऊ नये. भाव कोसळल्यामुळेही लाभांशाचे प्रमाण मोठे दिसते, आणि बुडत्या घरची मेजवानी फार दिवस चालत नाही.

कराचेही थोडे ध्यानात ठेवावे. १ एप्रिल २०२० पासून लाभांशाची सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. विक्रीत मात्र केवळ नफा धरतात. एक वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या बाजारातील शेअरांवर, २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे, वर्षातील सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यास कर नाही, त्यापुढे शेकडा साडेबारा आहे. आमच्या बहुतेक वाचकांस दोन्ही मार्गांनी कर पडणारच नाही. परंतु कराच्या भीतीने विक्री टाळणारेही आम्ही पाहिले आहेत, म्हणून हे सांगितले.

आणि कागदपत्रे! एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे विकता येत नाहीत. ते आधी डिमॅट खात्यात घालावे लागतात. सलग सात वर्षे लाभांश उचलला नाही तर तो लाभांश आणि शेअरसुद्धा सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तेथून अर्ज करून परत मिळतात, पण खेटे पडतात. आजोबांची जुनी पेटी आजच उघडून पाहावी, पत्ता व बँकेचे खाते दुरुस्त करावे आणि वारसाचे नाव नोंदवावे. शेअर विकण्यासाठी सहीचा कोरा कागद किंवा मोबाईलवर आलेला गुप्त आकडा कोणासही देऊ नये, मग तो कितीही जवळचा असो.

त्या बाईंकडे आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्यांचा थोरला मुलगाही घरी होता. वरील हिशेब सर्वांसमक्ष मांडला. अठरा लाखांचे शेकडा साडेतीन म्हणजे त्रेसष्ट हजार. सत्तावीस हजार लाभांश येतोच. उरले छत्तीस हजार, एवढेच शेअर वर्षातून एकदा विकावयाचे. बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी एकच विचारले, "ते रागावतील का हो?" त्याचे उत्तर आम्ही देण्यापूर्वी मुलानेच दिले. "आई, अप्पांनी हे आमच्यासाठी नाही ठेवलं. तुझ्यासाठी ठेवलं." आमच्या मते या सबंध प्रश्नाचे सार त्या वाक्यात आहे. पुष्कळ घरांतून मुले मुद्दल जपण्याचा उपदेश आईस करतात, तो कधी कधी स्वतःच्या वाट्याकडे डोळा ठेवून असतो.

नाताळाच्या सुमारास आम्ही तिकडून जात असता सहज डोकावलो. घर शाकारून झाले होते. बाईंच्या कानात यंत्र होते आणि आम्हांस कोणतेही वाक्य दोनदा सांगावे लागले नाही.

वाचकहो, आपल्या घरी अशी एखादी पेटी असेल तर म्हाताऱ्या माणसांजवळ बसून हा हिशेब मांडा. अविचाराने मोडू नका आणि अविचाराने राखूही नका. मुद्दल पुढच्या पिढीस द्यावयाचे असेल तर अवश्य द्या. परंतु ज्यांनी ते मिळविले त्यांच्या ताटातील घास कमी करून देऊ नका.